रक्तगट बदलला की कागद? दोन रिपोर्ट जुळत नसतील तर काय करायचं

मी निवृत्त झाले आहे ही गोष्ट आमच्या सोसायटीत कुणी फारशी मनावर घेतलेली नाही. एकतीस वर्षं रक्तपेढीत टेक्निशियन होते, एवढंच सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यामुळे रविवारी सकाळी बेल वाजली की दारात कुणीतरी फाइल घेऊन उभं असतं. गेल्या श्रावणात सी विंगमधला निखिल असाच आला. चहाचा कप हातात धरून तसाच बसला आणि म्हणाला, "काकू, माणसाचा रक्तगट वयानुसार बदलतो का हो?"

त्याच्या वडिलांचं, अप्पांचं, हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. वय एकाहत्तर. टेबलावर दोन कागद आले. पहिला म्हणजे वागळे इस्टेटमधल्या कंपनीचं १९८६ चं ओळखपत्र, प्लॅस्टिक पिवळं पडलेलं. त्यावर 'ए पॉझिटिव्ह'. दुसरा ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांचा ताजा रिपोर्ट, त्यावर 'ओ पॉझिटिव्ह'. निखिलने काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळालं, "होतं असं वयानुसार, आताचा धरा."

हे ऐकून माझा चहा कडू झाला. ते वाक्य कोण बोललं, कुठे बोललं, ते सोडून देते. पण त्या दिवशी निखिलला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते आहे, म्हणजे पुढच्या रविवारी बेल वाजली की हेच वाचायला देता येईल.

वयानुसार रक्तगट बदलत नाही. बाळंतपणाने नाही, लस घेतल्याने नाही, खाण्यापिण्याने नाही, गाव सोडून शहरात आल्यानेही नाही. काही मोजक्या परिस्थितींत तो खरोखर बदलतो, काहींत बदलल्यासारखा दिसतो, त्याबद्दल पुढे सांगते. पण दोन कागद जुळत नाहीत म्हणून माझ्याकडे जे लोक आले, त्यातल्या बहुतेकांच्या रक्तात काहीच झालेलं नव्हतं. कुठलातरी एक कागद चुकला होता.

अप्पा स्वतः टूलरूममध्ये डाय, म्हणजे पीस काढायचे साचे, बनवायचे, म्हणून त्यांना त्यांच्याच भाषेत समजावलं. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाला एका प्रकारची साखर चिकटली की 'ए', दुसऱ्या प्रकारची चिकटली की 'बी', दोन्ही असल्या की 'एबी', काहीच चिकटलं नाही की 'ओ'. कुठली साखर चिकटवायची याचा हुकूम नवव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो. तो आईबापांकडून येतो आणि आयुष्यभर तोच राहतो. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणजे चार महिन्यांत अंगातल्या जवळजवळ सगळ्या पेशी नव्या होतात. अप्पा लगेच म्हणाले, "मग नवा माल वेगळा निघू शकतो की!" मी म्हटलं, "अप्पा, डाय तीच असेल तर पीस वेगळा कसा निघेल?" त्यावर ते गप्प झाले. हाडांच्या मगजातला कारखाना सेकंदाला वीसेक लाख तांबड्या पेशी काढतो, पण सगळ्या एकाच डायवरून.

आधी कागद तपासा, मग रक्त

पहिलं काम घरीच करायचं आहे. रक्तगट लिहिलेले सगळे कागद काढा आणि त्यांचे दोन ढीग करा. एका ढिगात ते कागद, ज्यांवर गट तपासून लिहिलाय: प्रयोगशाळेचा सही-तारखेचा रिपोर्ट, रक्तदानाचं कार्ड, बाळंतपणाची फाइल, डिस्चार्ज कार्ड. दुसऱ्या ढिगात ते, ज्यांवर गट विचारून लिहिलाय: ड्रायव्हिंग लायसन्स, शाळेचं ओळखपत्र, सोसायटीचा फॉर्म, ट्रेकिंगच्या ग्रुपची यादी. हा दुसरा ढीग बाजूला सारा. लायसन्सवर छापलंय म्हणून ते सरकारने तपासलंय असं लोकांना वाटतं. फॉर्म भरताना तुम्हीच काहीतरी टिक केलेलं असतं. शाळेच्या ओळखपत्राचं तर विचारू नका. वर्गशिक्षिका दुसऱ्या दिवशीपर्यंत गट मागतात आणि आई आठवेल तो लिहून देते. एका मुलाच्या कार्डावर 'बी पॉझिटिव्ह' होतं, कारण त्याच्या बाबांचा तो होता.

अप्पांचं ओळखपत्र मी आधी याच दुसऱ्या ढिगात टाकणार होते. पण अप्पा म्हणाले, त्या वर्षी कंपनीत कॅम्प झाला होता, प्रत्येकाचं बोट टोचून तपासलं होतं. मग तो कागद पहिल्या ढिगात आला, पण जपूनच. कारण बोट टोचून काचपट्टीवर केलेली टेस्ट कशी चुकते ते मला चांगलं ठाऊक आहे. माझ्याच हातून चुकली आहे.

१९८९ चा मे महिना, मी नुकती लागलेले. पांढऱ्या टाइलवर रक्ताचे थेंब, त्यात एकीकडे निळं अँटी-ए, दुसरीकडे पिवळं अँटी-बी, तिसरीकडे रंगहीन अँटी-डी. ही तपासणीची द्रवं; ज्याच्या त्याच्या खुणेच्या पेशींना पकडून त्यांचे दाणे करतात. जिथे रक्तात दाणे येतात तो गट. डोक्यावर पंखा गरगरत होता. अँटी-बीच्या थेंबात मला बारीक दाणे दिसले, मी 'बी' लिहिलं. आमचे वरिष्ठ मागे उभे होते. त्यांनी टाइल उचलून उजेडात धरली आणि एवढंच म्हणाले, "पंखा बंद कर आणि परत कर." परत ट्यूबमध्ये केलं. दाणे कुठेच नाहीत. तो माणूस 'ओ' होता. थेंब कडेने सुकत आला होता आणि सुकलेल्या कडेला मी दाणे समजले होते. स्लाइड दोन मिनिटांच्या आत वाचायची असते, हे त्या दिवसापासून माझ्या अंगात मुरलं. कॅम्पमध्ये दोनशे माणसं रांगेत असली की ती दोन मिनिटं कधी पाच होतात, कळतही नाही.

स्वतःला विचारायचे प्रश्न

दोन्ही कागद तपासून लिहिलेले असतील आणि तरी जुळत नसतील, तर पुन्हा सुई टोचण्याआधी काही गोष्टी आठवून कागदावर लिहा. कारण रक्तपेढीत कुणी विचारलं तरच लोक सांगतात, आणि गर्दीत विचारायचं राहून जातं.

गेल्या तीनचार महिन्यांत रक्त चढवलंय का? एखाद्या 'ए' गटाच्या माणसाला तातडीच्या वेळी 'ओ' च्या बऱ्याच पिशव्या चढवल्या असतील, तर त्याच्या नसांतून काही आठवडे दोन तऱ्हेच्या पेशी फिरत असतात. तपासताना अर्ध्या पेशींचे दाणे होतात, अर्ध्या तशाच मोकळ्या राहतात. हा बदल नव्हे, पाहुणे आलेत. त्यांचे दिवस भरले की ते जातात.

हाडांच्या मगजाचं म्हणजे बोन मॅरोचं प्रत्यारोपण झालंय का? हा खराखुरा बदल. इथे डायच बदलते. खारघरला टाटा मेमोरियलचं अॅक्ट्रेक आहे, तिथे अशी प्रत्यारोपणं होतात. आपल्या ठाणे-नवी मुंबईतल्या कितीतरी घरांनी ती वारी केली आहे. दाता निवडताना रक्तगट आधी बघत नाहीत, एचएलए नावाची दुसरी जुळणी बघतात, त्यामुळे 'ए' गटाच्या मुलीला 'ओ' गटाचा भाऊ दाता म्हणून चालू शकतो. नवा मगज रुजला की काही महिन्यांत तिच्या पेशी 'ओ' होतात. या मधल्या काळात तिचा गट विचारला तर एका शब्दात उत्तर देता येत नाही. म्हणून अशा रुग्णाच्या घरच्यांनी जुना गट, दात्याचा गट आणि प्रत्यारोपणाची तारीख या तीन गोष्टी एका कागदावर लिहून पाकिटात ठेवायच्या. रक्त लागलं तर तो कागद आधी दाखवायचा. "हिचा गट ओ आहे" एवढंच सांगून मोकळं व्हायचं नाही.

यकृताच्या प्रत्यारोपणात सहसा असं काही होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका मुलीच्या बाबतीत मात्र झालं. नवव्या वर्षी तिला दुसऱ्याचं यकृत बसवलं, त्याबरोबर आलेल्या दात्याच्या मूळपेशी तिच्या मगजात जाऊन स्थिरावल्या आणि ती 'ओ निगेटिव्ह' ची 'ओ पॉझिटिव्ह' झाली. सिडनीच्या डॉक्टरांनी २००८ साली ही हकीकत छापली तेव्हा जगभर बातमी झाली. इतकं दुर्मिळ की बातमी होते, हे लक्षात ठेवा आणि सोडून द्या.

रक्ताचा कॅन्सर? काही प्रकारच्या ल्युकेमियात पेशीवरची 'ए' किंवा 'बी' ची खूण फिकी पडते, इतकी की साध्या टेस्टला 'ओ' दिसावं. उपचाराने आजार आटोक्यात आला की खूण परत येते. म्हणून पूर्वी नक्की 'ए' असलेल्या माणसाचा गट अचानक फिका आला तर चांगला टेक्निशियन डॉक्टरांना फोन करतो.

मोठ्या आतड्याचा आजार, तिथलं इन्फेक्शन किंवा कॅन्सर? ही माझी आवडती भानगड आहे; आजार आवडता नव्हे, त्यामागची युक्ती. आतड्यातल्या काही जिवाणूंचं एक एन्झाइम 'ए' च्या साखरेचा एक तुकडा कापून टाकतं. उरलेली साखर 'बी' च्या साखरेसारखी दिसायला लागते. मग 'ए' गटाचा माणूस टेस्टमध्ये 'एबी' वाटतो. पण त्याच्या रक्तद्रवात, म्हणजे प्लाझ्मात, 'बी' च्या विरुद्धची अँटीबॉडी, म्हणजे 'बी' च्या खुणेला पकडणारं प्रथिन, अजून शाबूत असते. खऱ्या 'एबी' माणसात ती नसते, आणि तिथेच चोरी पकडली जाते. आजार बरा झाला की तो परत साधा 'ए'.

आणि तान्हं बाळ. जन्मतः खुणा पुरत्या उमटलेल्या नसतात, आणि स्वतःच्या अँटीबॉडी तर चौथ्या-सहाव्या महिन्यापर्यंत नीट तयारच होत नाहीत; ज्या सापडतात त्या बहुतेक आईच्या. त्यामुळे प्रसूतिगृहाच्या कागदावरचा गट म्हणजे अर्धीच तपासणी. मूल मोठं झाल्यावर एकदा पुन्हा करून घ्या. आधीचं कार्ड मात्र फेकू नका.

पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा घोळ

हा वेगळा सांगते, कारण यात बायका भरडल्या जातात. माझी भाची ऐरोलीला राहते. कॉलेजात असताना तिने दोनदा रक्तदान केलं, कार्डावर 'बी पॉझिटिव्ह'. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा रिपोर्ट आला 'बी निगेटिव्ह'. सासूबाईंनी लॅबला नावं ठेवली, तिने कॉलेजच्या कॅम्पला. मी म्हटलं, थांबा, दोन्ही बरोबर असू शकतात.

पॉझिटिव्ह की निगेटिव्ह हे ज्या खुणेवरून ठरतं ती आरएचची 'डी' नावाची खूण काही माणसांच्या पेशींवर अगदी विरळ असते. तिला 'वीक डी' म्हणतात. साध्या टेस्टला ती निगेटिव्ह दिसते. पुढे कूम्ब्जच्या, म्हणजे जास्त बारकाईच्या, पद्धतीने तपासलं की सापडते. रक्तदात्याच्या बाबतीत ही पुढची टेस्ट करतात आणि सापडली तर पिशवीवर 'पॉझिटिव्ह' लिहितात, कारण ते रक्त निगेटिव्ह माणसाला गेलं तर त्रास होऊ शकतो. तोच माणूस रुग्ण म्हणून आला की सावधगिरी म्हणून त्याला निगेटिव्ह धरण्याचा प्रघात आहे. देताना पॉझिटिव्ह, घेताना निगेटिव्ह. व्यवहारात असं वागणाऱ्या माणसाला आपण लबाड म्हणू, रक्तपेढीत हीच खबरदारी.

अशा वेळी लॅबशी भांडायचं नाही. दोन्ही कागद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं आणि "वीक डी आहे का ते बघता का?" असं स्पष्ट विचारायचं. आई निगेटिव्ह धरली तर अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं, म्हणजे बाळाच्या पेशींविरुद्ध आईच्या अंगात अँटीबॉडी तयार होत नाहीत. ते द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण त्यांच्यासमोर दोन्ही कागद असले पाहिजेत. भाचीने जुनं कार्ड लपवायचं ठरवलं होतं, "उगाच गोंधळ नको" म्हणून. तो गोंधळ डॉक्टरांना दिसलाच पाहिजे.

परत तपासताना काय मागायचं

कोपऱ्यावरच्या कलेक्शन सेंटरवर तीच टेस्ट तिसऱ्यांदा करून 'दोन विरुद्ध एक' असा निकाल लावू नका. रक्तगट मतदानाने ठरत नाही. परवाना असलेल्या रक्तपेढीत जा. उपाशीपोटी जायची गरज नाही. जाताना दोन्ही जुने कागद आणि वरच्या प्रश्नांची उत्तरं लिहिलेला कागद न्या. तिथे गेल्यावर सांगा: "दोन रिपोर्ट जुळत नाहीत. फॉरवर्ड आणि रिव्हर्स दोन्ही करा, ट्यूब किंवा जेलवर."

फॉरवर्ड म्हणजे तुमच्या पेशी घेऊन त्यांच्यावर कुठली खूण आहे ते बघणं. रिव्हर्स म्हणजे तुमचं रक्तद्रव घेऊन त्यात कशाविरुद्धच्या अँटीबॉडी आहेत ते बघणं. 'ए' गटाच्या माणसाच्या रक्तद्रवात 'बी' ची विरोधक असायलाच हवी, 'ओ' गटाच्या माणसात दोन्हींची. एकाच माणसाची दोन वेगळ्या बाजूंनी घेतलेली साक्ष आहे ही. दोन्ही साक्षी जुळल्या तरच गट लिहायचा, नाहीतर लिहायचा नाही, हा नियम आहे. घाईत हीच दुसरी बाजू गाळली जाते. वयस्कर माणसांत या अँटीबॉडी कधीकधी क्षीण होतात, तेव्हा रिव्हर्स जुळत नाही आणि टेक्निशियनला जरा खोलात जावं लागतं. 'वयानुसार बदलतो' या समजुतीत काही तथ्य असलंच तर ते एवढंच.

रिव्हर्सच्या वेळी 'ओ' पेशीही लावतात की नाही, तेही विचारा. यामागे आपल्याच मुंबईची गोष्ट आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशी माणसं सापडली, ज्यांच्या पेशी 'ओ' सारख्या दिसत होत्या, पण रक्तद्रव 'ओ' च्या पेशींनाही सहन करत नव्हतं. 'ए' आणि 'बी' ची साखर ज्या पायावर बसते तो 'एच' नावाचा पायाच त्यांच्याकडे नव्हता. याला जगभर 'बॉम्बे' गट म्हणतात. शहराचं नाव बदललं, गटाचं तेच राहिलं. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एक असं प्रमाण सांगतात. अशा माणसाला आयुष्यभर 'ओ' म्हणून कार्ड मिळत राहतं आणि एखाद्या ऑपरेशनच्या वेळी 'ओ' ची एकही पिशवी क्रॉसमॅचला, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाच्या रक्ताशी लावून बघतात त्या टेस्टला, जुळत नाही. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. घरचे म्हणतात गट बदलला. बदललेला नसतो, कुणी 'ओ' पेशी लावून बघितलेल्याच नसतात.

याला जोडूनच एक नाजूक बाब. आईबाप दोघं 'ओ' आणि मूल 'ए', असा कागद हातात घेऊन काही घरं रक्तपेढीत येतात. बाप बोलत नाही, आजी बोलते. मी अशा वेळी एकच करायचे: तिघांचंही सॅम्पल नव्याने घ्यायचे. बहुतेकदा कुणाचा तरी जुना कागद चुकलेला निघायचा. शिवाय आई बॉम्बे गटाची असेल तर तिच्यात 'ए' चा हुकूम दडून असू शकतो. पाया नसल्यामुळे तो तिच्या पेशींवर दिसत नाही, पण बापाकडून पाया मिळालेल्या मुलात उमटतो. रक्तगटावरून कुणाच्या चारित्र्याचा निवाडा करणाऱ्या घराला मी चहा विचारत नाही.

फिक्या 'ए' चा संशय असेल तर टेक्निशियन तपासणीचं आणखी एक द्रव काढतो, अँटी-ए-वन लेक्टिन. ते कशापासून बनतं माहीत आहे? कुळथापासून. आमच्या घरी सासूबाईंच्या हातचं कुळथाचं पिठलं आणि कामावर कुळथाचं लेक्टिन, अशी माझी पंचवीस वर्षं गेली. कुळथाच्या बियांतलं एक प्रथिन नेमकं 'ए-वन' पेशींनाच पकडतं, 'ए-टू' ला सोडून देतं; हे दोन्ही 'ए' चेच पोटप्रकार. पिठलं खाऊन मात्र कुणाच्या रक्तात दाणे होत नाहीत, खुशाल खा.

इतकं करूनही जुळलं नाही तर रक्तपेढीच सॅम्पल पुढे पाठवते. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहेमॅटॉलॉजी संस्था आहे, तिथे हेच काम चालतं. तुम्ही फक्त "पुढे पाठवता का?" एवढं विचारायचं.

तुम्ही १८ ते ६५ वयातले असाल, वजन ४५ किलोच्या वर असेल आणि तब्येत धड असेल, तर सोपा मार्ग म्हणजे रक्तदान करा. दर वेळी पिशवीचा गट नव्याने तपासतात. दोनतीन कार्डांवर एकच गट आला की तुमच्या कागदांना वजन येतं.

सुईच्या वेळी

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते तुमच्याच हातात आहे. चुका टेस्टमध्ये होतात त्यापेक्षा जास्त नळीवर चिठ्ठी लावताना होतात. ठाण्यात कुठल्याही ओपीडीत जाऊन "पाटील!" अशी हाक मारा, पाच जण उठतील. म्हणून रक्त काढणाऱ्याने "तुम्ही पाटील ना?" असं विचारलं तर नुसती मान हलवू नका. स्वतःहून पूर्ण नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि वय मोठ्याने सांगा. जांभळ्या झाकणाच्या नळीवर तुमच्यासमोर, तुम्ही खुर्चीत असतानाच नाव लिहिलं जातंय ना, ते बघा. नुसत्या नळ्या ट्रेमध्ये ठेवून "चिठ्ठ्या नंतर लावतो" म्हणाले तर उठू नका. वाईट दिसलं तरी चालेल.

निखिलला विचारलं, अप्पांचं सॅम्पल कसं घेतलं? तो आठवून म्हणाला, "दोन जणांचं एकदम घेतलं काकू. शेजारी एक बाई होत्या. त्यापण पाटीलच."

मी त्याला सोमवारी सकाळी अप्पांना घेऊन रक्तपेढीत पाठवलं. फॉरवर्ड 'ए', रिव्हर्स 'ए', डी ठणठणीत पॉझिटिव्ह. दुपारी दुसरी नळी वेगळ्या सुईने, तरी तेच. १९८६ चा कॅम्प बरोबर होता, ताजा छापील रिपोर्ट चुकला होता. निखिल खुश. म्हणाला, "चला, सुटलो."

मी म्हटलं, "तू सुटलास. पण अप्पांच्या नावावर आलेला 'ओ' कुणाचा? आणि अप्पांचा 'ए' कुणाच्या नावावर गेला?"

त्याचा चेहरा उतरला. 'ए' च्या माणसाला चुकून 'ओ' च्या पेशी चढल्या तर सहसा निभावतं. 'ओ' च्या माणसाला 'ए' चढलं तर जीव जाऊ शकतो. रक्त देण्याआधी रक्तपेढी नवं सॅम्पल मागते, गट पुन्हा करते, क्रॉसमॅच करते, त्यामुळे बहुधा तिथे पकडलं गेलंच असतं. पण या 'बहुधा' वर विसंबून घरी बसायचं नसतं. म्हणून आपला गट नक्की झाला की चुकीचा रिपोर्ट दिलेल्या ठिकाणी परत जायचं, दोन्ही कागद दाखवायचे, तारीख आणि वेळ सांगायची आणि "त्या दिवशीचं रजिस्टर बघा" म्हणायचं. भांडायला नव्हे, नळी कुणाबरोबर बदलली ते शोधायला.

निखिल गेला. आधी तिथे थोडी टाळाटाळ झाली, मग आतून एक मॅडम आल्या आणि त्यांनी रजिस्टर काढलं. त्या बाई कळव्याच्या होत्या. पित्ताशयाचं ऑपरेशन, तारीख गुरुवारची. त्यांच्या रिपोर्टवर 'ए पॉझिटिव्ह'. बुधवारी त्यांना बोलावून परत सॅम्पल घेतलं. 'ओ' निघाला.

अप्पांचं ऑपरेशन नीट पार पडलं, रक्त लागलंच नाही. निखिलने नवं कार्ड लॅमिनेट करून आणलं आणि कंपनीचं जुनं ओळखपत्र टाकायला निघाला, तर अप्पांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. "राहू दे," म्हणाले, "तेच बरोबर निघालं ना शेवटी?"